तात्यांच्या रानातले चार चौकोन

"आठ दिवस! फकस्त आठ दिवस दे आय!" मल्हारनं चुलीसमोर आठ बोटं नाचवली. "नवव्या दिवशी आबांना कुणाच्या दारात जावं लागलं, तर माझ्या नावाचं कुत्रं पाळ!"

गजराबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "कुत्रं हायच की एक. त्याला तेवढा तुकडा टाकून ये."

मल्हार तुकडा टाकून आला आणि परत बोलायला बसला. बोलण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. पुण्यात अडीच वर्षं त्यानं वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत काम केलं होतं. मग एका शुक्रवारी दुपारी कंपनीनं एकाच मेलमध्ये बारा जणांना घरी पाठवलं. त्यात मल्हारचा नंबर सातवा होता. तिथून येताना त्यानं तीन गोष्टी आणल्या. एक लॅपटॉप, एक गादी आणि साहेबांचं एक वाक्य: आधी चित्र, मग कोड! वेबसाइट बांधायची तर पहिल्यांदा कागदावर चौकोन काढा, चौकोनांना बाणांनी जोडा, कुठून काय निघतं आणि कुठं पोचतं ते डोळ्यांना दिसू द्या. चित्र ज्याला जमलं त्याला जग जमलं, असं साहेब म्हणत. त्या बारा जणांत साहेबही होते, ते सोडा.

मल्हारच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव श्रीमंत. नावाला जागण्याजोगी एकच दौलत त्यांच्याकडं होती, ती म्हणजे चौऱ्याऐंशी मेंढ्या. लोहाऱ्याहून जीपनं अर्ध्या तासावरच्या बेलवाडीत त्यांची तिसरी पिढी मेंढ्यांमागं फिरत होती. एक काळ असा होता, की सुगी उरकली की शेतकरी आपण होऊन त्यांच्या दारात आवतन घेऊन यायचे. "श्रीमंत, दोन राती आमच्या रानात मेंढ्या बसव!" मोकळ्या रानात कळप दोन राती बसला की लेंड्यांनी जमीन अशी सुधारायची, की पुढची तीन पिकं त्याची साक्ष द्यायची. बदल्यात ज्वारी मिळायची, बांधावर ताजी भाकरी यायची, आणि मान मिळायचा. आबांना ज्वारीपेक्षा तो मान जास्त पचायचा.

आता रानोरान ऊस झाला, ठिबकच्या नळ्या आल्या, खताच्या पिशव्या आल्या. मेंढ्यांचे पाय नळ्यांवर पडतात म्हणून लोक बांधावरूनच हाकलायला लागले. आवतन बंद झालं. मग आबाच संध्याकाळी दारोदार जाऊन विचारू लागले, "मेंढ्या बसवता का?" कुणी हो म्हणायचं, बरेच जण नाही म्हणायचे. आबांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण त्या सोमवारी गावातल्या एका नव्या बंगल्यासमोर ते उभे राहिले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत खिडकीतून आवाज आला, "पुढं जा बाबा."

भिकाऱ्याला म्हणतात तसं!

आबा घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "इकायच्या." एवढंच. मेंढ्यांचे व्यापारी कल्याणप्पा कर्नाटकाच्या हद्दीकडून मुरुमच्या बाजाराला येत. त्यांना निरोप गेला. पुढच्या गुरुवारी ते टेम्पो घेऊन येणार होते.

त्या रात्री आबा जेवले नाहीत, आणि मल्हारच्या डोक्यात वेबसाइट उगवली. शेतकऱ्यानं मोबाइलवर आपलं रान आणि तारीख टाकायची, मेंढपाळाच्या मोबाइलवर आवतन यायचं! कुणी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही!

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "एक आवतन आण," ते म्हणाले. "एकच. आपल्या मनानं कुणीतरी बोलवू दे. मंग कल्याणप्पाला म्या माघारी लावतो."

आता मल्हारसारख्याला एवढं पुरे होतं! त्यानं दोन दिवस लॅपटॉपवर चौकोन काढले आणि तिसऱ्या दिवशी ते चित्र बापासमोर धरलं.

आबांनी पडदा नाकाजवळ नेला, मग हातभर लांब धरला, मग उन्हात नेला. "ही काय, खेकडी हायती का?"

"आबा, ह्यो पयला चौकोन म्हणजे शेतकरी. ह्यो दुसरा म्हणजे नोंद. तिसरा म्हणजे तुमी. चौथा म्हणजे रान. आवतन ह्या बाणावरनं असं फिरत जातंय."

"आस्सं," आबा म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागला की ते अशीच मान हलवत. मल्हारला ती मान चांगली माहीत होती. बापाला कळलं नाही तर गावाला काय कळणार? त्याच्या मनानं घेतलं, की चित्र लहान आहे हाच दोष आहे. चित्र मोठं पाहिजे. माणसाला त्यातून चालत जाता आलं पाहिजे!

शाळेत कबड्डीचं मैदान आखायला आणलेल्या फक्कीचं अर्धं पोतं उरलं होतं. गुरुजींनी ते दिलं. मेंढ्या तेव्हा बब्रुवान तात्यांच्या रानात होत्या. आवतन द्यायची रीत तात्यांनीही सोडली होती, पण आबा विचारायला गेले तर "बसव की" म्हणणारे तेवढेच एक उरले होते. तूर निघून रान मोकळं झालं होतं. तात्या मात्र आपला मोतीबिंदू काढायला बायकोला, कमलकाकूंना, घेऊन सोलापूरला गेले होते. त्यामुळं चित्र काढायला परवानगी घेण्याचा प्रश्न आला नाही. म्हणजे आला होता, पण मल्हारला आला नाही.

दुपारी त्यानं टेप धरून चाळीस फुटी चार चौकोन मारले. आबांना अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. म्हणून मधोमध एक, दोन, तीन, चार असे पुरुषभर उंचीचे आकडे काढले. चौकोनांना बाणांनी जोडलं. चौथ्या चौकोनातून निघालेला शेवटचा बाण बांधापाशी येऊन थांबला, कारण तिथं फक्की संपली.

"आबा, तुमी म्हणजे आवतन! एक नंबरात उभं ऱ्हावा. आता बाणावरनं दोनमधी चला!"

आबा चालले. एकातून दोनात, दोनातून तीनात. तीनमध्ये ते थांबले आणि खाली बघत राहिले.

"समजलं का?"

"समजलं. पर मल्हार, ह्यात जायाचं कुठं ते हाय. जाऊ नये कुठं ते दिसंना."

"म्हंजी?"

"मेंढ्याला रान दावायला अक्कल लागत न्हाय पोरा. उभं पीक आडवायला लागती. तुझ्या चित्रात कुंपण कुठंय?"

खरं सांगायचं तर पुण्यातल्या साहेबांनाही इतका नेमका प्रश्न कधी पडला नसता! पण मल्हार रंगात आला होता. "ते मागनं टाकू आबा. आधी साधं चालू दे."

मग आबांनाच गंमत वाटू लागली. त्यांनी जिभेनं एक विशिष्ट आवाज काढला, आणि चरत असलेल्या चौऱ्याऐंशी मेंढ्या माना वर करून त्यांच्यामागं आल्या. एकातून दोनात, दोनातून तीनात, रेषेच्या बाहेर पाय नाही! आबा लहान मुलासारखे हसले. गजराबाई जेवण घेऊन आली होती. तिनं पदर तोंडाला लावला. किती दिवसांनी तिनं नवऱ्याला हसताना पाहिलं होतं! मल्हारला वाटलं, जमलं. एक आवतन काय, शंभर येतील!

हा सगळा सोहळा बांधापलीकडून एक माणूस बघत होता. त्याचं नाव धनाजी.

धनाजीचा हरभरा बांधाला लागून होता, घाट्यांनी भरलेला. पण धनाजीचा जीव हरभऱ्यात नव्हता, पवनचक्कीत होता. त्याच्या मेहुण्याच्या रानात पवनचक्की उभी राहिली आणि वर्षाच्या आत मेहुण्याच्या दारात जीप उभी राहिली. तेव्हापासून धनाजीला स्वप्नात पाती फिरताना दिसायची. कंपनीची माणसं येतात कशी, तर लॅपटॉप घेऊन. टेप लावतात. पांढरे चौकोन मारतात आणि त्यात आकडे टाकतात. इथं बघतो तर तेच सगळं! आणि बाण? बाण बांधापर्यंत येऊन थांबलेला! वीस पावलांनी पवनचक्की हुकली होती!

धनाजीनं रात्रभर विचार केला. फक्की त्याच्याकडं नव्हती. पण घरात आदल्याच दिवशी दळून आणलेलं ज्वारीचं पाच किलो पीठ होतं. पहाटे उठून त्यानं तो बाण बांधावरून पुढं ओढला आणि थेट आपल्या हरभऱ्याच्या मधोमध नेऊन सोडला. टोकाला एक पाच नंबरही काढला. बाण झकास आला. धनाजी घरी जाऊन झोपला.

सकाळी आबा मेंढ्या रात्री कोंडायच्या वाघरीचं जाळं सोडायला निघाले, तर मल्हारनं त्यांना थांबवलं. "तुमी चहा प्या. म्या सोडतो. व्हिडिओ काढायचाय, वेबसाइटवर टाकायला!"

त्यानं जाळं उघडलं आणि मोबाइल डोळ्यासमोर धरून उलटा चालू लागला. मेंढ्या निघाल्या. एक नंबर, दोन नंबर. म्होरकी मेंढी पुढं आणि बाकीच्या तिच्या शेपटीमागं. तीन नंबर! "बघा आबा, आपोआप!" तो ओरडला. चार नंबर! आता त्या थांबतील असं त्याला वाटलं. पण बांधापाशी येऊन म्होरकीनं खाली नाक लावलं, पांढऱ्या रेषेला जीभ लावली, आणि तिला ती आवडली. ती रेष चाटत चाटत बांध चढली. मल्हार अजून पडद्यातच बघत होता. पडद्यात सगळं फार सुंदर दिसत होतं.

"आरं, हा बाण एवढा लांब कधी काढला म्या?" असं त्याच्या तोंडून निघेपर्यंत शेवटची मेंढीही बांधापलीकडं गेली होती.

पिठावरून मेंढ्या हरभऱ्यावर आल्या. घाटे नुकते भरलेले होते. तुम्ही मेंढीला हरभऱ्यातून बाहेर यायला सांगून बघा एकदा! मल्हार हात पसरून धावला, तर कळप दोन भागांत फुटला. त्यानं दगड मारला, तर चार भाग झाले. आबा चहाचा कप टाकून आले, दुखऱ्या गुडघ्यांनी बांध चढले, दोनदा पडले. त्यांनी जिभेचा तो आवाज काढला तेव्हा कुठं मेंढ्या एकेक करून बाहेर आल्या. तोवर हरभऱ्याचा एक मोठा पट्टा न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखा साफ झाला होता.

धनाजी बोंब मारत आला. "माझा हरभरा! माझा हरभरा गेला!"

"चुकलं धनाजी," आबा धापा टाकत म्हणाले. "माझं जनावर हाय, चूक माझी हाय. पर ह्यांच्या तोंडाला पीठ कशाचं लागलंय रं?"

चौऱ्याऐंशी पांढरी तोंडं धनाजीकडं बघत होती. आता खरं सांगावं तर पवनचक्कीची हाव उघडी पडते, आणि न सांगावं तर हरभरा गेला! तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली, आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले बब्रुवान तात्या कमलकाकूंचा हात धरून उतरले. धनाजीला वाट सापडली.

"तात्या! माझा हरभरा ऱ्हाऊ द्या, तुमचं रान बघा आधी! तुमी दवाखान्यात, आन् हिकडं कंपनीची मोजणी झाली! श्रीमंतच्या पोरानं लॅपटॉप लावून केली!"

तात्यांनी उघड्या डोळ्यानं रानाकडं पाहिलं. पवनचक्कीच्या नावानं त्यांचं डोकं उठायचं. चारदा आलेल्या माणसांना त्यांनी चारदा परत लावलं होतं. एका डोळ्यानं त्यांना ते चार चौकोन दिसले. दोन डोळ्यांनी आठ दिसले असते तरी याहून जास्त राग आला नसता.

गावात बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अमरसिंह पंधरा पोरं आणि एक झेंडा घेऊन आला. अमरसिंहला येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं आणि त्याला मुद्दा मिळत नव्हता. "एक इंच जमीन देणार न्हाय!" पोरांनी घोषणा दिली. कुणी मागितली आहे याची चौकशी नंतर करायची होती.

"अवो, हे वेबसाइटचं चित्र हाय!" मल्हार मध्ये उभा राहिला. समजावून सांगण्यावर त्याचा फार विश्वास होता. "तात्या, बघा. ह्यो एक नंबरचा चौकोन म्हणजे तुमी."

"म्या?"

"व्हय. आन् दोन नंबरला तुमच्या रानाची नोंद व्हती."

"माझ्या रानाची? कुणाच्या नावावर?"

"कुणाच्या नावावर न्हाय तात्या, सर्व्हरवर!"

"ह्यो सर्व्हर कुठल्या गावचा?" अमरसिंहनं दरडावून विचारलं.

"गावचा न्हाय. तो अमेरिकेत असतोय."

एवढं बोलून मल्हारनं जीभ चावली. पण उपयोग काय? "ऐका!" अमरसिंह झेंडा उंचावून ओरडला. "बब्रुवान तात्याचं रान अमेरिकेत नोंदवलं!" पोरांनी अशी आरोळी ठोकली, की मेंढ्या पुन्हा हरभऱ्याकडं वळल्या.

तात्या मात्र ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काठी टेकत आबांसमोर येऊन उभे राहिले.

"तीस वरसं झाली श्रीमंत," ते म्हणाले. "तीस वरसं तुझ्या भरवशावर रान उघडं टाकून झोपलो म्या. विचारलं असतंस तर न्हाय म्हणलो असतो, पर विचारायचं तरी होतंस."

पोराचं नाव आबांना सांगता आलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आपली बाजूही मांडता आली असती. पण खरी गोष्ट अशी होती, की ते चौकोन कशाचे होते हे त्यांनाही अजून पुरतं कळलेलं नव्हतं.

"मेंढ्या काढ," तात्या म्हणाले आणि पाठ फिरवून गेले. कमलकाकूंनी एकदा मागं वळून पाहिलं.

आबांनी कळप त्या रेषांवरून तीनदा फिरवला. चौऱ्याऐंशी मेंढ्यांच्या खुरांनी चारही चौकोन मातीत मिसळले. मग ते घराकडं निघाले. वाटेत मल्हार दहा वेळा म्हणाला, "आबा, म्या सांगतो तात्यांना." आबा एकदाच बोलले. "सांगू नगंस. तू सांगितलं की वाढतंय."

पुढचे पाच दिवस बेलवाडीच्या शिवारात कुणी कळपाला रान दिलं नाही. मेंढ्या घरामागं कोंडून राहिल्या. गजराबाई दुरून पाला आणून टाकत होती. मल्हारनं मात्र वेबसाइट पुरी केली! खोलीत बसून, न जेवता, डोळे लाल करून. कुंपणही टाकलं, उभ्या पिकांची यादीही टाकली, पाणी कुठं आहे तेही टाकलं. आबांनी विचारलेला एकही प्रश्न त्यानं सोडला नाही. गावातल्या प्रत्येक मोबाइलवर त्यानं दुवा पाठवला. नऊ जणांनी त्याला नमस्काराचे हात पाठवले. आवतन एकाचंही आलं नाही.

गुरुवारी सकाळी कल्याणप्पा आले. माणूस सभ्य होता. त्यांनी कुठल्या मेंढीच्या तोंडात बोटं घालून दात बघितले नाहीत, भाव पाडला नाही. "श्रीमंतराव, तुमचा माल म्हंजी बघायचं कामच न्हाय," असं म्हणाले आणि टेम्पोची फळी खाली सोडली.

मेंढ्या काही केल्या फळीवर चढेनात. कल्याणप्पांच्या माणसांनी ढकललं, ओढलं, कान धरले. मल्हार हिरवा पाला घेऊन टेम्पोत उभा राहिला. मेंढ्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि माना फिरवल्या. शेवटी कल्याणप्पा संकोचत म्हणाले, "तुमीच... एकडाव..."

आबांनी काठी घेतली. ते फळीवरून टेम्पोत चढले आणि जिभेचा तो आवाज काढला. मेंढ्यांना तेवढंच पाहिजे होतं. म्होरकी चढली, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. आबा पुढं सरकत गेले आणि कळप त्यांच्यामागं भरत गेला. शेवटचं कोकरू वर गेलं तेव्हा टेम्पो गच्च भरला होता, आणि आबा पार पुढं, केबिनच्या भिंतीला टेकून अडकले होते. बाहेर यायला पाऊल ठेवण्याएवढी जागा नव्हती!

"आता?" ड्रायव्हर म्हणाला. "सगळ्या उतरवायच्या?"

हसू यायला पाहिजे होतं. एरवी गजराबाईसुद्धा हसली असती. पण आबा आतून म्हणाले, "उतरवू नगा. परत चढवणं व्हणार न्हाय माझ्याच्यानं. म्या येतो मुरुमपत्तूर." आणि टेम्पो निघाला. मल्हारला फळ्यांच्या फटीतून बापाच्या मुंडाशाचा तुकडा दिसत राहिला, मग तोही दिसेना. मल्हार घरामागं जाऊन रिकाम्या वाघरीजवळ बसून रडला, अगदी मोठ्यानं. लाजायला तिथं कुणी नव्हतं.

दिवस कलायला लागला तेव्हा आबा एसटीनं परत आले. फाट्यावर उतरून काठी टेकत घरापाशी आले, तर दारात एक माणूस उभा होता. डोळ्याची पट्टी निघाली होती. बब्रुवान तात्या!

घडलं होतं ते असं. कमलकाकू दळायला गिरणीवर गेल्या. गिरणीवाला सहज म्हणाला, की धनाजीच्या घरी काय पिठाची खाण आहे का, पाच किलो नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत पाच किलो घेऊन आले. काकूंना ती पांढरी तोंडं आठवली. त्यांनी थेट धनाजीचं घर गाठलं. काकूंपुढं धनाजी दोन मिनिटंही टिकला नाही. फक्कीचं गुरुजींनी सांगितलं, आणि मेहुण्यानं फोनवर सांगितलं, की कंपनीचं इकडं कुणी आलेलंच नाही.

तात्या उंबऱ्याबाहेर उभे होते. गजराबाईनं बसायला घोंगडं टाकलं होतं, पण ते बसले नव्हते. इतकी वर्षं आबा लोकांच्या दारात उभे राहायचे, अगदी तसेच ते उभे होते.

"श्रीमंत," ते म्हणाले, "म्या आवतन घिऊन आलोय. बोललो ते पोटात ठिव. उद्या राती मेंढ्या माझ्या रानात बसव."

गजराबाईनं दाराची चौकट धरली. मल्हारनं तोंड उघडलं. पण आबा त्याच्या आधी बोलले.

"येतो की तात्या."

तात्या समाधानानं गेले. ते वळणाआड झाले. मग गजराबाई म्हणाली, "अवो, काय घिऊन जाणार तुमी?"

"दारात आलता गं बोलवाय," आबा म्हणाले. "न्हाय कसं म्हणू?"

आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच निघाले! ऊन उतरल्यावर मुंडासं बांधलं, खांद्यावर घोंगडं टाकलं, काठी घेतली. मल्हार मागं मागं गेला. बाप वाटेच्या मधून चालत नव्हता, कडेकडेनं चालत होता. मधली वाट कळपाला सोडायची त्यांची पन्नास वर्षांची सवय होती.

तात्यांनी रानातल्या तुरीच्या काट्या वेचून ठेवल्या होत्या. पाण्याची टाकी भरून ठेवली होती. कमलकाकूंनी भाकरी, ठेचा आणि पिठलं आणलं होतं, शेजारी ज्वारीची पिशवी होती. जुनी रीत होती तशी सगळी. आबांनी बांधावर घोंगडं अंथरलं आणि बसले. तात्या रस्त्याकडं बघत होते.

"मेंढ्या मागनं येत्यात व्हय?"

आबांनी मल्हारकडं बघितलं. समजावून सांगणारा तो होता ना! पण मल्हार पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. शेवटी आबांनीच सांगितलं.

"काल गेल्या तात्या. कल्याणप्पाच्या टेम्पोत."

तात्यांनी रस्त्यावरची नजर काढून घेतली. मग हळूच म्हणाले, "मंग आलास कशाला रं?"

"आवतन होतं."

तात्या मटकन त्यांच्याशेजारी बसले. कमलकाकूंनी डोळे पुसले आणि ताटं वाढली. "जेवा," त्या म्हणाल्या, "भाकरी गार व्हायलीय." दोघं म्हातारे खाली मान घालून जेवू लागले. आबा भाकरीचा घास सावकाश चावत होते आणि अधूनमधून मोकळ्या रानावर नजर टाकत होते.

मल्हारच्या मनात आलं, एक आवतन आलं आहे, ते खरं आहे, आपल्या मनानं आलं आहे. ते कुठंतरी नोंदलं तरी पाहिजे! त्यानं मोबाइल काढला, वेबसाइट उघडली. शेतकऱ्याच्या जागी बब्रुवान तात्यांचं नाव टाकलं, रान टाकलं, आजची तारीख टाकली आणि बटण दाबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी ते बटण दाबलं होतं. गोल चक्र दोनदा फिरलं आणि वेबसाइटनं कुठंही न अडखळता उत्तर दिलं.

"क्षमस्व! आपल्या परिसरात एकही कळप शिल्लक नाही."

चूक कुठंच नव्हती. काल टेम्पो गेल्यावर आबांच्या कळपाची नोंद त्यानंच पुसली होती, आणि ते वाक्यही त्यानंच लिहिलं होतं.

"काय म्हणतंय रं ते?" आबांनी विचारलं.

मल्हारनं मोबाइल खिशात टाकला.

"काय न्हाय आबा," तो म्हणाला. "रेंज न्हाय हितं."